चाळीस डाळिंबांचा आयतालेख: काढण्याची आणि वाचण्याची रीत

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंब उत्पादकाला यंदाचे फळ कसे आहे असे विचारले, तर उत्तरादाखल बहुधा सरासरी वजनाचा एकच आकडा कानावर पडतो. तो आकडा खोटा नसतो. पण प्रतवारीच्या टेबलावर फळे सरासरीने येत नाहीत, एकेक करून येतात, आणि भाव त्या एकेका फळाकडे पाहून ठरतो. लहान फळे किती, मोठी किती, मधली किती, आणि लहानांपासून मोठ्यांपर्यंतची चढण सलग आहे की मध्येच खचलेली, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आयतालेख, म्हणजेच हिस्टोग्राम, काढावा. हिस्टोग्राम हा शब्द इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात रूढ केला आणि आता तो मराठीतही सर्रास वापरला जातो. तरीही शाळेतला आयतालेख हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण या आलेखाचे सारे मर्म आयताच्या क्षेत्रफळात आहे.

पुढील विवेचनासाठी चाळीस डाळिंबांची वजने ग्रॅममध्ये दिली आहेत. ही वजने सरावासाठी रचलेली आहेत, कोणत्याही बागेत मोजलेली नाहीत. वाचकाने आलेख कागद आणि पेन्सिल घेऊन सोबत करत जावे आणि रीत हातात बसली की स्वतःचे आकडे घ्यावेत.

१८३, २६४, १७१, २९८, २०७, २५०, १५८, २७६, १९१, २६८,
२३४, १७६, २८४, १६३, २५७, ३१७, १८५, २७१, २१२, १५२,
२६१, १९८, २४१, २७९, १७४, २२६, १८८, ३०६, २५३, १६७,
२७३, १८२, २९३, २०३, २६६, १७९, ३३४, १९४, २८८, २१८

या सर्वांची बेरीज ९२४० ग्रॅम आणि सरासरी बरोबर २३१ ग्रॅम येते. हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

स्तंभालेख आणि आयतालेख यांतील भेद

दोन्ही आलेखांत उभे स्तंभ असतात, त्यामुळे पुष्कळ जण दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरतात. परंतु भेद मुळातला आहे. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. तालुकावार डाळिंबाचे क्षेत्र दाखवायचे असेल तर स्तंभालेख काढावा लागतो. त्यात करमाळा आधी घेतला काय आणि अक्कलकोट आधी घेतला काय, अर्थ बदलत नाही. स्तंभांमध्ये मोकळी जागा सोडतात, कारण सांगोला आणि मंगळवेढा यांच्या दरम्यान मोजण्यासारखे काही नसते. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा देशवार स्तंभालेख छापला, तोही याच जातीचा होता. आयतालेखात मात्र आडव्या अक्षावर नावे नसून मोजपट्टी असते. १७५ ग्रॅम आणि २०० ग्रॅम यांच्या दरम्यान कोणतेही वजन संभवते, म्हणून एक आयत संपतो तेथेच पुढचा सुरू होतो. त्यांचा क्रम बदलता येत नाही आणि त्यांच्यात फटही ठेवता येत नाही. कोठे मोकळी जागा दिसलीच, तर त्या वजनाचे एकही फळ सापडले नाही असा तिचा अर्थ होतो.

पावसाचे उदाहरण घेतल्यास हा भेद आणखी स्पष्ट होतो. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा महिन्यांपुढे त्या त्या महिन्याचा पाऊस उभा केला, तर तो स्तंभालेख होतो, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या सोलापुरात सप्टेंबरचा स्तंभ इतरांहून उंच का, असा प्रश्न त्यावरून विचारता येतो. मात्र पावसाळ्यातला प्रत्येक दिवस सुटा धरून त्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला याची नोंद घेतली, आणि शून्य ते दहा मिलिमीटरचे दिवस किती, दहा ते वीसचे किती अशी मोजणी केली, तर आयतालेख तयार होतो. पहिल्या आलेखात उभ्या अक्षावर पाऊस असतो, दुसऱ्यात दिवसांची संख्या असते. आयतालेखाच्या उभ्या अक्षावर नेहमी अशी मोजलेली संख्या किंवा तिच्यापासून काढलेले प्रमाण असते, आणि जी गोष्ट मापली ती आडव्या अक्षावर जाते. समोर आलेला आलेख कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठी एवढी एक खूण पुरते.

वर्ग कसे पाडावेत

सर्वांत लहान फळ १५२ ग्रॅमचे आणि सर्वांत मोठे ३३४ ग्रॅमचे आहे. म्हणजे विस्तार १८२ ग्रॅम. हा विस्तार समान तुकड्यांत विभागायचा असतो. या तुकड्यांना वर्ग म्हणतात आणि एका वर्गाच्या रुंदीला वर्गांतर. वर्ग किती असावेत यासाठी हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये एक नियम मांडला. एकाला दोनाने किती वेळा गुणत गेल्यास आपल्या नोंदींच्या संख्येपर्यंत पोहोचता येते ते पाहावे आणि त्यात एक मिळवावा. दोनाचा पाचवा घात ३२ आणि सहावा ६४, तेव्हा ४० साठी उत्तर पाचाच्या थोडे पुढे, सुमारे ५.३ येते, एक मिळवून ६.३, म्हणजे सहा-सात वर्ग. १८२ ला ७ ने भागले तर २६ मिळतात. २६ ग्रॅमचे वर्ग काढायला आणि वाचायलाही गैरसोयीचे, म्हणून २५ ग्रॅम घ्यावेत आणि सुरुवात १५२ ऐवजी १५० पासून करावी. नियमातून आलेला आकडा जवळच्या सोयीच्या आकड्याकडे वळवून घेणे हे अचूकतेशी केलेले दुर्लक्ष नव्हे. वाचणाऱ्याला वर्गांच्या सीमा मनात धरता याव्यात हीदेखील या कामाची एक गरजच आहे.

वर्गांतर ठरवताना मापाच्या साधनाकडेही पाहावे लागते, आणि ही गोष्ट मार्गदर्शक लेखनात फार क्वचित सांगितली जाते. समजा, आपला काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानेच वजन दाखवतो, आणि आपण वर्गांतर १२ ग्रॅम घेतले. अशा वेळी काही वर्गांत काट्यावरचे दोन टप्पे पडतील, तर काहींत तीन. तीन टप्प्यांचे वर्ग विनाकारण उंच दिसतील आणि आलेखावर जे दात उमटतील त्यांचा फळांशी काहीही संबंध नसेल. म्हणून वर्गांतर हे काट्याच्या सर्वांत लहान टप्प्याच्या पटीत असावे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या एका विभागातील सैन्यभरतीच्या तरुणांच्या उंचीच्या आलेखात दोन शिखरे दिसली, आणि त्या भागात दोन वंशांची सरमिसळ झाली असावी असा निष्कर्ष अदोल्फ बर्तियाँ यांनी काढला. पुढे इटलीच्या रिदोल्फो लिवी यांनी दाखवून दिले की, तो सारा प्रकार इंच आणि सेंटिमीटर यांच्या रूपांतरात वर्गांची जी ओढाताण झाली तिच्यातून उद्भवला होता. दोन शिखरे दिसताच कारण शोधायला धावण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

यानंतरचा प्रश्न सीमेवरच्या नोंदीचा. आपल्या यादीत एक फळ नेमके २५० ग्रॅमचे आहे. ते २२५ ते २५० या वर्गात घ्यायचे की २५० ते २७५ या वर्गात? शाळेतल्या रूढ पद्धतीनुसार वर्गाची खालची मर्यादा त्या वर्गात धरतात आणि वरची मर्यादा पुढच्या वर्गाकडे सोपवतात. म्हणून हे फळ २५० ते २७५ मध्ये जाते. दुसरी पद्धत स्वीकारली तरी बिघडत नाही, परंतु कोणती स्वीकारली हे आलेखाखाली लिहावे आणि मध्येच बदलू नये. काही वेळा वर्ग १५० ते १७४, १७५ ते १९९ असे खंडित स्वरूपात दिलेले असतात. त्यांचा आयतालेख काढण्यापूर्वी प्रत्येक खालच्या मर्यादेतून अर्धा वजा करून आणि वरच्या मर्यादेत अर्धा मिळवून ते १४९.५ ते १७४.५, १७४.५ ते १९९.५ असे सलग करून घ्यावे लागतात.

आता यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच वाचत जावी आणि प्रत्येक फळासाठी त्याच्या वर्गापुढे ताळ्याची एक खूण करावी. पाचवी खूण आधीच्या चारांवर आडवी मारावी. वर्गवार वारंवारता, म्हणजे प्रत्येक वर्गातल्या फळांची संख्या, अशी येईल:

१५० ते १७५ : ६
१७५ ते २०० : ९
२०० ते २२५ : ४
२२५ ते २५० : ३
२५० ते २७५ : ९
२७५ ते ३०० : ६
३०० ते ३२५ : २
३२५ ते ३५० : १

बेरीज ४० आलीच पाहिजे. ती ३९ किंवा ४१ येत असेल तर चूक शोधत बसण्यापेक्षा ताळा पुन्हा पहिल्यापासून करणे लवकर उरकते.

कागदावर उतरवताना

आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे २५ ग्रॅम आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ फळ असे प्रमाण घ्यावे. आपली वजने १५० पासून सुरू होतात, म्हणून आरंभबिंदूजवळ आडव्या अक्षावर अक्षसंकोच चिन्ह, म्हणजे ती छोटी नागमोडी खूण, काढावी आणि मग १५०, १७५, २०० अशा सीमा लिहाव्यात. उभ्या अक्षावर मात्र संकोच करू नये. तो शून्यापासूनच सुरू व्हावा, कारण तळ कापला की ३ आणि ९ यांचे खरे प्रमाण डोळ्यांना दिसेनासे होते. प्रत्येक वर्गावर त्याच्या वारंवारतेइतक्या उंचीचा आयत उभा करावा. अक्षांची नावे, प्रमाण आणि एकूण फळांची संख्या लिहिल्याशिवाय आलेख पूर्ण झाला असे समजू नये.

हे प्रमाण हेतुतः निवडले आहे. एका चौकटीची रुंदी १ सेंटिमीटर आणि उंचीही १ सेंटिमीटर, म्हणजे कागदावरचा एक चौरस सेंटिमीटर बरोबर एका डाळिंबाचा झाला. सर्व आयतांचे मिळून क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर भरते आणि फळेही ४० आहेत. आयतालेख हा क्षेत्रफळाचा आलेख आहे असे जे म्हणतात त्याचा अर्थ इतकाच, आणि तो एकदा हाताने चौकटी मोजून पटला की कायमचा पटतो.

सर्व वर्ग समान रुंदीचे असतात तोवर उंची पाहिली काय आणि क्षेत्रफळ पाहिले काय, फरक पडत नाही. रुंदी असमान झाली की पडतो. समजा, कोणी २०० ते २२५ आणि २२५ ते २५० हे दोन वर्ग एकत्र करून २०० ते २५० असा एकच वर्ग केला. त्यात ४ आणि ३ मिळून ७ फळे येतात. घाईने त्यावर ७ सेंटिमीटर उंचीचा आयत उभा केला, तर त्याची रुंदी २ सेंटिमीटर असल्यामुळे क्षेत्रफळ १४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे बागेत नसलेली सात डाळिंबे कागदावर उगवतात. शिवाय जेथे खरोखर खोलगट जागा होती तेथे भरभक्कम आयत उभा राहतो. योग्य उंची ७ भागिले २, म्हणजे ३.५ सेंटिमीटर. वर्गांतर असमान असेल तेव्हा वारंवारतेला वर्गाच्या रुंदीने भागून घनता काढावी आणि उंची त्या घनतेइतकी ठेवावी. उभ्या अक्षाचे नावही मग "फळांची संख्या" असे न राहता "दर २५ ग्रॅममागे फळे" असे होते. वयोगटांच्या किंवा उत्पन्नगटांच्या छापील आलेखांत शेवटचे गट पुष्कळदा रुंद असतात, तेथे ही दुरुस्ती केलेली आहे की नाही हे आवर्जून पाहावे.

सरासरी कोठे पडली

आता काढलेला आलेख हातभर अंतरावर धरून पाहावा. १७५ ते २०० वर एक शिखर, २५० ते २७५ वर तेवढेच उंच दुसरे शिखर, आणि मध्ये दरी. दरीचा सर्वांत खोल भाग २२५ ते २५० या वर्गात आहे, तेथे चाळिसांपैकी अवघी तीन फळे आहेत. आपली २३१ ग्रॅमची सरासरी नेमकी याच वर्गात पडते. मध्यकही तेथेच आहे: वजने चढत्या क्रमाने लावली तर विसावे फळ २२६ ग्रॅमचे आणि एकविसावे २३४ ग्रॅमचे येते, म्हणून मध्यक २३०. सरासरी आणि मध्यक इतके जवळजवळ आले की आकडेमोड करणारा निश्चिंत होतो, कारण फळांची वाटणी दोन्ही बाजूंना सारखी आहे असे त्यावरून वाटते. प्रत्यक्षात "साधारण २३० ग्रॅमचे फळ" ज्याला म्हणावे ते या मालात जवळजवळ नाहीच. येथे दोन वेगवेगळे माल एकमेकांत मिसळलेले आहेत, एक पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमच्या आसपासचा आणि दुसरा अडीचशे-पावणेतीनशेच्या आसपासचा, आणि त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेला आपण सरासरी म्हणत होतो. आयतालेख शिकण्यासाठी मला याहून मोठे कारण देता येणार नाही.

दोन शिखरांची कारणे अनेक असू शकतात. ठिबकच्या नळीच्या सुरुवातीची आणि शेवटची झाडे सारखे पाणी पीत नसतील. एकाच बहारात कळी दोन लाटांत निघून सेटिंग, म्हणजे फळधारणा, पुढेमागे झाले असेल. किंवा दोन बागांचे क्रेट एकत्र आले असतील. आलेख यांपैकी कोणतेही कारण सांगत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की, येथे विचारण्यासारखे काही आहे.

वर्गांतर बदलून पाहणे

एकाच आलेखावर विसंबणे धोक्याचे आहे, आणि तो धोका आपल्याच आकड्यांवर तपासता येतो. वर्गांतर १०० ग्रॅम घेऊन १०० पासून सुरुवात केली, तर १०० ते २०० मध्ये १५, २०० ते ३०० मध्ये २२ आणि ३०० ते ४०० मध्ये ३ फळे येतात. मध्ये एकच ठळक शिखर, दोन्हीकडे उतार: ज्याला हा आलेख दाखवाल तो म्हणेल की बहुतेक फळ मध्यम आकाराचे आहे. दरी पूर्णपणे बुजून गेली. तेच १०० ग्रॅमचे वर्ग १५० पासून सुरू केले, तर १५० ते २५० मध्ये २२ आणि २५० ते ३५० मध्ये १८ असे दोनच आयत मिळतात, आणि हलक्या फळांचे पारडे जड दिसू लागते. आकडे तेच, रुंदीही तीच, फक्त आरंभ बदलला, तरी सांगणे बदलले. उलट दिशेने गेलो आणि वर्गांतर ५ ग्रॅमवर आणले, तर एकाही वर्गात दोनहून अधिक फळे येत नाहीत. आलेख फणीच्या दातांसारखा होतो आणि शिखर कोणते, दरी कोणती हे कळेनासे होते.

म्हणून निदान तीन वेगवेगळ्या वर्गांतरांनी आलेख काढून पाहावा. १०, २५ आणि ५० ग्रॅम अशी तीन घेतली, तर दोन शिखरे तिन्हींत टिकतात. ५० ग्रॅमला १५, ७, १५ आणि ३ अशी वारंवारता येते. जे वैशिष्ट्य रुंदी बदलूनही टिकते त्यावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. जे एकाच विशिष्ट रुंदीला दिसते आणि शेजारच्या रुंदीला नाहीसे होते, ते बहुधा वर्गांच्या मांडणीतून आलेले असते. डेव्हिड फ्रीडमन आणि पर्सी डायकोनिस यांनी १९८१ मध्ये सुचवलेला नियम येथे पडताळून पाहण्याजोगा आहे. चढत्या क्रमाने लावलेल्या नोंदींपैकी मधल्या अर्ध्या नोंदी किती अंतरात पसरल्या आहेत ते मोजावे, त्याची दुप्पट करावी आणि नोंदींच्या संख्येच्या घनमुळाने भागावे. आपल्या यादीत ते अंतर १८४ ते २७२, म्हणजे ८८ ग्रॅम, दुप्पट १७६, ४० चे घनमूळ सुमारे ३.४२, भागाकार सुमारे ५१ ग्रॅम. स्टर्जेस यांच्या नियमाने २५ आणि या नियमाने ५०. दोन्ही नियम चांगले आहेत आणि दोघांचे एकमत नाही. नियम सुरुवात करून देतात; निवड पाहणाऱ्यालाच करावी लागते.

इतर आकार

सर्वच आलेखांना दोन शिखरे नसतात. एकाच बागेतल्या, एकाच वेळी सेटिंग झालेल्या फळांचा आलेख साधारणपणे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असेल, आणि तेथे सरासरी हा एक आकडा खरोखरच प्रतिनिधी ठरतो. दैनिक पावसाचा आलेख याच्या अगदी विरुद्ध असतो. सोलापूरच्या पावसाळ्यातही कोरडे किंवा नुसत्या भुरभुरीचे दिवस पुष्कळ असतात, त्यामुळे पहिला आयत फार उंच येतो, त्यानंतरचे झपाट्याने उतरतात, आणि उजवीकडे मोठ्या पावसाच्या मोजक्या दिवसांची लांब शेपटी राहते. अशा ठिकाणी ते मोजके दिवस सरासरीला आपल्याकडे ओढून घेतात आणि मध्यक सरासरीच्या बराच डावीकडे राहतो. भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस म्हणतो. कोरडे दिवस वगळून केवळ अशा दिवसांचा आलेख काढला तर शेपटीचा आकार अधिक स्पष्ट दिसतो, मात्र वगळलेल्या दिवसांची संख्या बाजूला लिहायला हवी.

कड्यासारखा तुटलेला आलेख दिसला तर थांबावे. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि जेथे माल मापून द्यायचा तेथे हा आलेख रोजच्या उपयोगाचा आहे. जपानी तज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी गुणवत्ता-नियंत्रणाच्या ज्या सात मूलभूत साधनांचा प्रसार केला, त्यांत हिस्टोग्रामही आहे. समजा, एका मागणीत टॉवेलची किमान लांबी १५० सेंटिमीटर ठरली आहे आणि मापांच्या आलेखात १५० च्या उजवीकडे उंच आयत आहेत, तर डावीकडे एकदम काहीच नाही. मागावरून उतरणारा माल असा कापल्यासारखा कधी थांबत नाही. आखूड टॉवेल मापण्याआधीच बाजूला काढले गेले असावेत, किंवा मापणारा १४९ ला १५० लिहीत असावा. दुसरे कारण असेल तर बहुधा १५० च्याच वर्गात अनपेक्षित उंच सुळका दिसतो आणि त्याच्या लगत डावीकडे खड्डा पडतो. परीक्षेच्या गुणांच्या आलेखात उत्तीर्णतेच्या ३५ गुणांपाशी असाच सुळका आणि खड्डा दिसला, तर कृपागुणांचा विचार मनात यावा.

सुळक्यांचा आणखी एक प्रकार आपल्याकडे सर्वपरिचित आहे. वय विचारल्यावर अनेक जण तीस, पस्तीस, चाळीस असे शून्य किंवा पाचावर संपणारे वय सांगतात. भारतीय जनगणनेच्या एकेका वर्षाच्या आकड्यांत हे सुळके स्पष्ट दिसतात. पाच-पाच वर्षांचे वर्ग केले की ते बरेचसे विरून जातात, म्हणून वयाचे आलेख बहुधा पाच वर्षांच्या गटांत काढतात. काट्याचा आकडा डोळ्याने वाचून दहाच्या पटीत लिहिण्याची सवय असेल, तर डाळिंबांच्या वजनातही तेच होते.

संगणकावर काढताना

एक्सेलच्या २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत हिस्टोग्राम हा तयार आलेखप्रकार आहे. वजनांचा रकाना निवडून इन्सर्टमधून तो घ्यावा, नंतर आडव्या अक्षाच्या मांडणीत जाऊन वर्गांतर स्वतः २५ भरावे आणि अंडरफ्लो बिन १५० ठेवावा, नाहीतर वर्ग सर्वांत लहान नोंदीपासून, म्हणजे १५२ पासून, सुरू होतात. गूगल शीट्समध्येही हा प्रकार आहे आणि तेथे वर्गांतराला बकेटचा आकार म्हणतात. संगणकाने आपण होऊन निवडलेली रुंदी जशीच्या तशी स्वीकारू नये. सीमेवरच्या नोंदीकडेही लक्ष द्यावे: एक्सेल वर्गाची वरची मर्यादा त्याच वर्गात धरतो, म्हणजे शाळेतल्या पद्धतीच्या नेमके उलट. आपले २५० ग्रॅमचे फळ तेथे २२५ ते २५० मध्ये जाईल, आणि त्या दोन वर्गांत ३ व ९ ऐवजी ४ व ८ दिसतील. हाताने काढलेला आलेख आणि संगणकावरचा आलेख जुळत नाही म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही. जुन्या आवृत्तीत वारंवारता मोजून साधा स्तंभालेख काढावा लागतो. तेव्हा स्तंभांमधील अंतर शून्य करायला विसरू नये.

पुन्हा बागेत

चाळीस ही संख्या लहान आहे. दरी योगायोगाने पडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी आणखी चाळीस फळे तोलावीत आणि ती निवडताना क्रेटच्या वरच्या थरातलीच उचलू नयेत, कारण वरचा थर बहुधा डोळ्यांत भरेल असाच रचलेला असतो. क्रेट रिकामा करून दर पाचवे फळ घेणे ही सोपी आणि पुरेशी निःपक्ष रीत आहे. दुसऱ्या खेपेलाही दोन शिखरे दिसली, तर कारण शोधण्यासाठी वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना करावा आणि त्यात फळ ज्या ओळीतले आहे तिचा क्रमांक, शिवाय झाड नळीच्या सुरुवातीकडचे की शेवटाकडचे, हे तोडणीच्या वेळीच लिहावे. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदींचा उपयोग नाही. मग सुरुवातीच्या झाडांचा आणि शेवटच्या झाडांचा असे दोन आयतालेख काढून ते एकाखाली एक ठेवावेत. दोन्हींचे वर्ग आणि आडव्या अक्षाचे प्रमाण एकच असले पाहिजे, आणि एका गटात २५ व दुसऱ्यात ५५ फळे असतील तर उभ्या अक्षावर संख्येऐवजी शेकडेवारी घ्यावी, नाहीतर मोठा गट केवळ मोठा असल्यामुळे वरचढ दिसेल. एका आलेखाचे शिखर डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे आले, तर ठिबकच्या दाबाची तपासणी करण्यास आधार मिळतो. दोन्ही आलेखांत पुन्हा दोन-दोन शिखरे निघाली, तर पाण्याचा संशय सोडून सेटिंगच्या तारखांची वही उघडावी.